‘पाहा!’ असे भास्कराचार्य म्हणाले होते का?

माघ पौर्णिमेला चार दिवस राहिले होते आणि कचारगडाच्या पायथ्याशी धनेगावात मंडप उभे राहत होते. माझे आमगावात लोखंड-सिमेंटचे छोटे दुकान आहे. यात्रेच्या दिवसांत आमच्याकडून पाइप, तार, पत्रे जातात आणि त्या निमित्ताने मीही जातो. माल उतरवणे हे घरी सांगण्याचे कारण. सालेकसा तालुक्याच्या या डोंगरात गोंड समाजाचे उगमस्थान मानली जाणारी गुहा आहे. कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली आणि दारावरची शिळा सरकवून त्यांना मोकळे केले गेले, ही कथा ऐकत लाखो माणसे दर माघात डोंगर चढतात. दरेकसा स्टेशनावर उतरणाऱ्या माणसांचा लोंढा आणि ‘जय सेवा’चा गजर यांत मला दरवर्षी काहीतरी नवे सापडते.

त्या वर्षी जे सापडले ते गुहेतले नव्हते. ते पायथ्याशी, एका सुतळीत होते.

मंडपाचे चार खांब कुठे रोवायचे हे एक वयस्क मिस्त्री ठरवत होते. हाताशी गुण्या होता, पण तो वीतभराचा. वीस हाती मंडपाला त्याचा काय उपयोग? त्यांनी एका खुंटीपासून एका दिशेला तीन हात सुतळी ताणली, दुसऱ्या दिशेला चार हात, आणि दोन्ही टोकांमध्ये तिसरी सुतळी धरून पाहिली. ती पाच हात भरेपर्यंत चार हातांची बाजू इकडे-तिकडे सरकवली. मग म्हणाले, “तिरपं पाच भरलं तं गुण्यात बसलं.”

सुतळीचे दुसरे टोक त्यांच्या नातीच्या हातात होते. आश्रमशाळेत नववीला असलेली मुलगी. तिने विचारले, “पण पाचच काऊन येते, आजा?”

मिस्त्री हसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “या भाऊले विचार. ते लिहितात-बिहितात.”

मी खूश झालो. हा प्रश्न तर माझ्या आवडीचा. मी काडीने मातीत आकृती काढली. चार सारखे काटकोन त्रिकोण, कर्ण बाहेरच्या बाजूला, काटकोन आतल्या बाजूला, आणि मधोमध उरलेला छोटा चौरस. मग नेहमीची गोष्ट सांगितली. आपल्या भास्कराचार्यांनी आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी हीच आकृती काढली, खाली एकच शब्द लिहिला, ‘पाहा!’, आणि सिद्धता संपली. ही गोष्ट मी शाळांतल्या व्याख्यानांत वीसेक वेळा तरी सांगितली असेन. टाळी हमखास मिळते.

मुलीने आकृतीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “नाही दिसत.”

तिच्या आवाजात थोडी लाज होती. ती लाज मी ओळखतो. आठवीत असताना आमच्या शिक्षकांनी हाच सिद्धांत फळ्यावर काढून मला उभे केले होते. “बघ. दिसत नाही का?” वर्ग हसला. त्यानंतर गणिताशी माझे जे बिनसले ते तिशीपर्यंत. पुढे दुकानाचा हिशेब सांभाळता सांभाळता मी स्वतःच्या बळावर ‘लीलावती’पर्यंत पोचलो, ती गोष्ट निराळी. पण त्या दुपारी धनेगावच्या मातीत उकिडवा बसून मी त्या मुलीला तेच ऐकवत होतो, आणि तेही भास्कराचार्यांच्या नावावर.

घरी येऊन मी मूळ ग्रंथ काढला. खरे तर हे काम आधीच करायला हवे होते. वीस व्याख्याने झाली आणि मूळ पान एकदाही उघडले नाही, हे कबूल करायला मला आजही संकोच वाटतो.

भास्कराचार्यांविषयी ते स्वतःच जे सांगतात तेवढे पक्के आहे. शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा जन्म. वडील महेश्वर हेच गुरू. सह्याद्रीच्या परिसरातले विज्जडविड हे गाव. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, ‘सिद्धांतशिरोमणी’ची रचना. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. काटकोन त्रिकोणाचा नियम ‘लीलावती’त येतो. भुज आणि कोटी यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे कर्ण. तिथे नियम आहे, उदाहरणे आहेत, सिद्धता नाही. बहुतेक लोक ‘लीलावती’च वाचतात आणि तिथेच थांबतात. मीही तिथेच थांबलो होतो.

सिद्धता आहे ‘बीजगणिता’त, आणि ती मध्यमाहरणाच्या म्हणजे वर्गसमीकरणांच्या प्रकरणात दडलेली आहे. भूमितीच्या शोधात निघालेला माणूस तिकडे सहसा फिरकत नाही. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३० साली कृष्ण दैवज्ञांच्या ‘नवाङ्कुर’ टीकेसह हा ग्रंथ छापला. तो मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो, पानाला दोन संध्याकाळी या गतीने.

तिथे भास्कराचार्य एक उदाहरण घालतात. भुज आणि कोटी किती हे ते अंकांत न सांगता शब्दांत सांगतात. एक बाजू ‘तिथी’ इतकी, दुसरी ‘नखे’ इतकी. पंधरवड्याच्या तिथी पंधरा, हातापायांची नखे वीस. कर्ण किती? इथपर्यंत नेहमीचेच. पण उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग वाचून मी चष्मा काढून पुसला. ते विचारतात की हे जे रूढ गणित आहे, त्याची उपपत्तीही सांग. रूढ, म्हणजे सगळे करतात ते. सगळे करतात हे ठाऊक आहे, आता ते का बरोबर येते ते सांग. ‘पाचच काऊन येते?’ हा प्रश्न आमच्या सालेकशाच्या मुलीआधी खुद्द ग्रंथकर्त्यानेच विचारून ठेवला होता.

आणि उत्तर एका शब्दाचे नाही. भास्कराचार्य दोन उपपत्ती देतात.

पहिलीत ते कर्णालाच जमीन धरतात. कर्ण किती ते माहीत नाही, म्हणून त्याला ‘यावत्तावत्’ म्हणजे आपला क्ष. काटकोनाच्या कोपऱ्यातून कर्णावर लंब टाकला की मोठ्या त्रिकोणाच्या पोटात दोन लहान त्रिकोण होतात, आणि दोन्ही मोठ्याच्याच घडणीचे. मग त्रैराशिक. कर्ण क्ष असता भुज पंधरा, तर कर्ण पंधरा असता भुज किती? उत्तर २२५ भागिले क्ष. तसाच दुसरा तुकडा ४०० भागिले क्ष. दोन्ही तुकडे जोडले की पुन्हा कर्ण मिळतो, म्हणून क्षचा वर्ग ६२५, आणि कर्ण २५. ज्याला बाजारात पाच रुपयांचे किती तर बारा रुपयांचे किती हे कळते, त्याला ही सिद्धता कळावी.

दुसरी आपली चार त्रिकोणांची. ही इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण ‘पाहा’ या शब्दाखाली जे गाडले जाते ते नेमके यातच आहे. वाचकांनी शक्य असेल तर पुठ्ठ्याचे चार तुकडे कापून घ्यावेत. १५ आणि २० सेंटिमीटर बाजूंचे काटकोन त्रिकोण, चारही सारखे.

हे चार त्रिकोण भिंगरीसारखे मांडायचे. प्रत्येकाचा कर्ण बाहेर. एकाची लांब बाजू जिथे असेल तिला लागून पुढच्याची आखूड बाजू ठेवायची. लांब बाजू वीस, आखूड पंधरा, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पाचाचा तुकडा उघडा राहतो. असे चार तुकडे मिळून मधे ५ बाय ५ चा चौरस मोकळा राहतो. आता मोजणी. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५० (पंधरा गुणिले वीस, त्याचे अर्धे), चारांचे ६००. मधला चौरस २५. एकूण ६२५. बाहेरची आकृती जर कर्णावरचा चौरस असेल, तर कर्ण २५.

‘जर’ हा शब्द मी मुद्दाम घातला. बाहेरच्या आकृतीच्या चारही बाजू कर्णाइतक्या आहेत हे तर उघड आहे. पण चार बाजू सारख्या असल्या की चौरस होतो असे नाही. खाटेची चौकट दाबली की तिरपी होते, बाजू तेवढ्याच राहतात. कोपरे काटकोनात आहेत हे कुठून आले? बाहेरच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन त्रिकोणांची टोके एकत्र येतात, एकाचे निमुळते आणि दुसऱ्याचे त्याहून रुंद. एकाच त्रिकोणाचे हे दोन कोन मिळून काटकोन भरतो, कारण तिसरा कोन स्वतः काटकोन आहे आणि तिन्ही मिळून दोन काटकोन होतात. म्हणून कोपरा गुण्यात बसतो. ही पायरी डोळ्यांना दिसत नाही, ती समजून घ्यावी लागते. आठवीत मला आणि धनेगावात त्या मुलीला जे दिसले नाही ते हेच असावे.

भास्कराचार्य इतक्यावरही थांबत नाहीत. आकृतीतून ते एक सर्वसाधारण नियम काढतात. दोन राशींच्या फरकाचा वर्ग आणि त्यांच्या गुणाकाराची दुप्पट मिळवली की त्यांच्या वर्गांची बेरीज येते, आणि हे कुठल्याही दोन अव्यक्त राशींना लागू आहे. पंधरा-वीसच्या जागी काहीही घाला. ३ आणि ४ घातले तर मधला चौरस एकाचा, चार त्रिकोण २४ चे, एकूण २५. हा मिस्त्रींचा मंडप. ५ आणि १२ घातले तर मधला चौरस सातच्या बाजूचा, ४९, अधिक १२०, म्हणजे १६९, तेराचा वर्ग. दोन्ही बाजू सारख्या घेतल्या तर मधला चौरस नाहीसाच होतो, चार त्रिकोण एकमेकांना टेकतात. बाजू जितक्या जवळ, तितका मधला खड्डा लहान.

याच ग्रंथात पुढे, भावित नावाच्या प्रकरणात, आणखी एक वाक्य भेटते. तिथे विषय वेगळ्या समीकरणाचा आहे, पण भास्कराचार्यांची शिकवण्याची रीत तिथे उघडी पडते. ते म्हणतात की उपपत्ती सर्वत्र दोन प्रकारची असते, क्षेत्रगत आणि राशिगत. एक आकृतीची, दुसरी संख्यांची. आणि ज्यांना आकृतीवरून कळत नाही त्यांना संख्यांवरून दाखवावी. मी हे वाक्य वहीत उतरवून घेतले. आकृती पाहून न कळणारा विद्यार्थी या माणसाने गृहीतच धरला होता. त्याच्यासाठी दुसरी वाट बांधून ठेवली होती. गोलाध्यायाच्या आरंभी तर ते स्पष्टच सांगतात की उपपत्तीवाचून गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही, आणि त्याची स्वतःची शंकाही फिटत नाही.

असा माणूस ‘पाहा’ म्हणून मोकळा कसा होईल?

ही दंतकथा आपल्याकडे आली ती पाश्चात्त्य गणितइतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांतून. तिथे ती एका ठरलेल्या तुलनेच्या सोयीची होती. ग्रीकांनी तर्काने सिद्ध केले, हिंदूंनी डोळ्यांनी पाहिले. युक्लिडची पायरीपायरीची सिद्धता एकीकडे आणि आमचा एक उद्गार दुसरीकडे. गंमत अशी की आपण ती कथा अभिमानाने उचलली. एका शब्दात सिद्धता! केवढी प्रतिभा! आपल्या परंपरेला कारण देता येत नव्हते असे त्या कौतुकातून निघते, हे आपल्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

वास्तविक कोलब्रुक यांनी १८१७ सालीच लीलावती आणि बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर छापले. त्यात हे उदाहरण दोन्ही उपपत्तींसह आहे, आणि तळटीपांत टीकाकारांचे स्पष्टीकरणही. म्हणजे ज्याला बघायचे होते त्याला दोनशे वर्षांपासून बघता येत होते.

आणि टीकाकार कोण? इथे महाराष्ट्राचा नकाशा उलगडतो. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांच्या ‘ग्रहलाघवा’वर पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे चालली, त्यांनी १५४५ साली ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली आणि मुळात नसलेल्या उपपत्ती भरून काढल्या. ‘नवाङ्कुर’ लिहिणारे कृष्ण दैवज्ञ काशीत राहिले, जहांगीरच्या काळात नावाजले. पण घराणे मूळचे विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. आम्हा वैदर्भीयांना हे माहीतच नसते. बीजगणिताचा फारसी अनुवाद शाहजहानच्या कारकिर्दीत, १६३४-३५ च्या सुमारास झाला. करणारा अताउल्लाह रुश्दी. हाच अताउल्लाह पुढे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याचा वास्तुकार. दगडी चौथरा गुण्यात बसवणाऱ्या माणसाने पंधरा-वीसच्या त्रिकोणाची उपपत्ती फारसीत उतरवली होती, ही गोष्ट मी मिस्त्रींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, “त्याले लागतच असन.”

अभिमानाच्या बाबतीत एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. ही आकृती सर्वांत आधी आपलीच, असेही म्हणता येत नाही. चीनमध्ये झाओ शुआंग यांनी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ‘झोउबी सुआनजिंग’ या प्राचीन ग्रंथावर टीका लिहिताना हीच भिंगरी वर्णिली आहे. त्रिकोण तांबडे आणि मधला चौरस पिवळा. भास्कराचार्यांच्या नऊशे वर्षे आधी. २००२ साली बीजिंगला जागतिक गणित परिषद भरली तेव्हा तिचे बोधचिन्ह याच आकृतीवरून केले होते. आणि मिस्त्रींची सुतळी तर त्याहूनही जुनी. ‘शुल्ब’ म्हणजेच दोरी. यज्ञवेदी मांडताना दोरीने काटकोन कसा साधायचा हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, आणि ३-४, ५-१२, ८-१५, ७-२४ अशा जोड्याही दिल्या आहेत. मला काही उत्साही मंडळी विचारतात की कचारगडाच्या गुहेतही असे काही गणित असेल का. नाही. ती निसर्गाने केलेली गुहा आहे, तिच्यात सरळ रेषा शोधून सापडायची नाही, आणि तिचे मोठेपण तिच्या कथेत आहे. प्रत्येक पूज्य जागेत पायथागोरस बसवायची गरज नाही.

कचारगडाखालून जाणारा लोहमार्ग गोंदिया, नागपूर, भुसावळ करत चाळीसगावला जातो. पुढच्या दिवाळीनंतर दुकान पोरावर सोपवून मी त्याच मार्गाने पाटणला गेलो. चाळीसगावपासून जवळच, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे मंदिर आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांना इथे जो शिलालेख मिळाला, त्याने भास्कराचार्यांच्या घराण्याचा धागा पक्का झाला. लेख शके ११२८ चा. आचार्यांचे नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातले मुख्य ज्योतिषी, यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली, असे त्यात आहे. लेख संस्कृतात सुरू होतो, पण शेवटी देणगीचा तपशील येतो तिथे भाषा मराठी होते. पाटणच्या बाजारात खपणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला. गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल.

देवळाच्या पायरीवर बसून मी त्या पळीभर तेलाचा विचार करत राहिलो. घाणा हाकणाऱ्या तेल्याला मध्यमाहरण काय ठाऊक असणार? पण त्याच्या तेलावर मठातला दिवा जळला असेल आणि त्या उजेडात एखाद्या पोराने तिथी-नखांचे उदाहरण सोडवले असेल. एका उद्गारात सगळे संपत असते तर मठ कशाला लागला असता आणि पळीपळी तेल तरी कशाला?

गेल्या माघात पुन्हा धनेगावला गेलो. सोबत पुठ्ठ्याचे चार त्रिकोण, पंधरा बाय वीसचे. मुलगी आता दहावीला होती. आधी मी तिची क्षमा मागितली. मागच्या वेळी मी तुला खोटी गोष्ट सांगितली, भास्कराचार्य असे काही म्हणालेच नव्हते. तिला माझ्या क्षमेचे फारसे काही वाटले नाही, ती तुकडे जुळवायला लागली होती. पहिल्यांदा तिने काटकोन बाहेर ठेवले. त्यानेही चौरस होतो, पस्तीसच्या बाजूचा, आणि मधली मोकळी जागा कर्णाच्या चौरसाची. १२२५ मधून ६०० वजा केले की ६२५ उरतात. हे मी तिला सांगितले नाही, तिने मातीत हिशेब करून काढले. मग तुकडे उलटेपालटे करून भिंगरी मांडली. मधला पाचाचा चौरस सापडला, बेरीज पुन्हा ६२५ आली.

मिस्त्रींनी खिशातून छोटा गुण्या काढून बाहेरच्या कोपऱ्याला लावला. “बसते,” ते म्हणाले.

“तो तं बसते, आजा,” ती म्हणाली. “पण लावला नसता तं कसं समजलं असतं?”

तिने एका कोपऱ्यातले दोन तुकडे उचलले, त्यांची टोके एकमेकांशेजारी धरली, मग तिसरा तुकडा घेऊन त्याचा काटकोन त्यांच्यावर ठेवून पाहिला, आणि नुसतीच बसून राहिली. मी काही बोललो नाही. वर डोंगरावरून ढोल वाजत होते. बऱ्याच वेळाने तिने बोटाने एकाच त्रिकोणाची तिन्ही टोके मोजली आणि म्हणाली, “हे दोन मिळून हा.”

तीन तुकडे माझ्याकडे परत आले. चौथा तिने ठेवून घेतला.